ती आली नाही ते दोन दिवस

सुशांत मच्याडोने रेकॉर्डिंग दहा सेकंद मागे नेलं, पुन्हा ऐकलं, आणि कागदावरच्या 'दोनदा खोकली' या शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. समासात लिहिलं : आधार?

जेवणाच्या टेबलावर तीन पुस्तकं उघडी होती. दोन इंग्रजी, जाडजूड. एक मराठी, वसईहून मागवलेलं, चाळीस पानी. तिन्हींत संत ब्लेझ यांचं चरित्र होतं. तिन्हींत खोकणारी बाई नव्हती.

"किती झाल्या?" त्याच्या बायकोने, शर्वरीने, ओट्यापाशी उभं राहूनच विचारलं.

"एकोणीस."

"सतरा मिनिटांच्या बोलण्यात विजयकाकांच्या एकोणीस चुका?"

"चुका म्हणत नाही मी. आधार नाही म्हणतो."

"पाइपलाइनवर वेल्ड तपासतोस ते ठीक आहे रे. आता संतांनाही रिजेक्ट मारणार का?"

सुशांतने पान उलटलं. एकोणीस वर्षं तो कुवेतमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर होता आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही, हा त्याचा कामाचा नियम घरातही चालायचा. म्हणून तर वसईकर मंडळाने पुस्तिकेचं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. कुवेतमधल्या वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांचं ते मंडळ. तीन फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण असतो. त्यानंतरच्या शुक्रवारी सगळे अहमदी या तेलनगरीतल्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जमायचे, फादर दोन मेणबत्त्या एकमेकींवर आडव्या धरून एकेकाच्या गळ्याला लावून आशीर्वाद द्यायचे, आणि मग मागच्या हॉलमध्ये तांदळाचे वडे व्हायच्या आधी विजयकुमार तुस्कानो संताचं चरित्र सांगायचे. कागद नाही, पुस्तक नाही. तेल कंपनीच्या गोदामात उभा जन्म काढलेला माणूस. बोलणंही तसंच, मालाची यादी वाचून दाखवावी तसं सावकाश, एकेक वस्तू जागेवर ठेवत. ज्या पोरांना मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर यायचं, तीही सतरा मिनिटं खुर्चीत गप्प बसायची.

चौदा महिन्यांपूर्वी विजयकुमार गेले. गेल्या वर्षी सणाला कुणीच काही सांगितलं नाही. लोकांनी वडे खाल्ले, आणि उन्हं कलायच्या आत गाड्या निघाल्या. तेव्हा ठरलं की कुणाच्या तरी फोनमध्ये असलेलं त्यांचं जुनं रेकॉर्डिंग उतरवून यंदा सणाला सुशांतने ते वाचायचं आणि मग छापायचं.

उतरवून झालं होतं. अडचण पुढे होती.

चौथ्या शतकातले आर्मेनियातल्या सेबास्त गावचे हे बिशप. आधी वैद्य होते, हे पुस्तकात होतं आणि विजयकुमारांच्या बोलण्यातही. छळ सुरू झाल्यावर ते डोंगरातल्या गुहेत राहिले, आजारी जनावरं आपण होऊन त्यांच्याकडे यायची, शिपाई पकडून नेत असताना वाटेत माशाचा काटा घशात अडकलेल्या मुलाला त्यांनी बरं केलं, लांडग्याने पळवलेलं एका गरीब विधवेचं डुक्कर परत मिळवून दिलं, आणि तीच विधवा नंतर तुरुंगात त्यांना जेवण आणि दोन मेणबत्त्या देऊन गेली. शेवटी लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी अंग फाडून त्यांना मारलं. एवढं सगळं जुळत होतं. पण पुस्तकातली विधवा एकदा येऊन जाते, दोन ओळींत. विजयकुमारांची बाई पाच मिनिटं घ्यायची. तिच्या कडेवर मूल असायचं. मेणबत्त्या ती भाकरीच्या गुंडाळीत लपवायची. तिला आत सोडत नसत, म्हणून पहारेकऱ्याच्या हातात जेवण देऊन ती मागच्या भिंतीशी जायची आणि दोनदा खोकायची. आतून बिशप दोनदा खोकायचे. आणि 'विधवा' हा शब्द त्यांनी सतरा मिनिटांत एकदाही वापरला नव्हता. 'ती बाई' म्हणायचे.

बेल वाजली.

विजयकुमारांची बायको सुमन तुस्कानो दारात उभी होती. हातात प्रेशर कुकर, खांद्याला कापडी पिशवी. मागे लिफ्टपाशी तिचा मुलगा जयदीप फोनवर बोलत उभा होता. त्याने हात हलवला आणि तो खाली गेला.

"हा घे," तिने कुकर शर्वरीच्या हातात दिला. "शिट्टी नवी आहे. रबर जुनंच आहे, ते बदल."

"काकी, अहो, राहू दे ना. वसईला लागेल तुम्हाला."

"वसईला जाऊबाईंकडे चार आहेत. मला एकटीला कितीसा भात लागतो? कार्गोवाला म्हणाला तीन खोकी, माझी भरली नऊ. जयदीप म्हणतो, मम्मी, हाफ ऑफ इट इज जंक. जंक म्हणे. त्याच्या पहिलीपासूनच्या वह्या आहेत त्यात."

जयदीपला कॅनडाची नोकरी लागली होती. सुमनचा इथला व्हिसा मुलाच्या नावावर. तो निघाला की तिला निघणं भाग होतं. रविवारचं तिचं विमान होतं. चाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन अहमदीतल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा दारापुढे मेंदीचं कुंपण होतं, आणि संध्याकाळी कंपनीचा माळी पाइप घेऊन झाडांना पाणी घालायचा. ते पाणी तापलेल्या मातीवर पडलं की क्षणभर वसईच्या वाडीतला वास यायचा, हे तिने शर्वरीला कितीदा तरी सांगितलं होतं. नंतर शहराकडच्या हवल्ली भागातला फ्लॅट आला. तिथे खाली दुकानं होती, माती नव्हती.

ती टेबलाशी बसली. चष्मा लावला.

"हेच का ते?"

"कच्चं आहे, काकी."

"बघू दे."

ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. लाल रेघ आली की बोट थांबायचं, मग पुढे सरकायचं. शर्वरीने चहा आणून ठेवला. सुशांतला उगाच वाटलं, की आपण काहीतरी समजावून सांगायला हवं.

"लाल केलंय ते पुस्तकात कुठेच नाही. मी तिन्ही पाहिली. तेरा दिवस कुठून आले? मूल कुठून आलं? काका सुंदर सांगायचे, त्याबद्दल वाद नाही. पण हे छापायचं आहे. उद्या कुणी विचारलं तर पान काढून दाखवता आलं पाहिजे."

"म्हणजे लाल ते सगळं जाणार."

"हो."

सुमनने चहाचा घोट घेतला. कप बशीत ठेवला. मग कागद त्याच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"सगळं नको काढूस. हे एवढं काढ."

सुशांतने वाचलं. तेरा दिवस बिशप कोठडीत होते. आठव्या आणि नवव्या दिवशी ती बाई आली नाही.

सगळ्या चरित्रातली ही जागा सगळ्यांना पाठ होती. ती बाई आली नाही तेव्हा बिशपांनी देवाचे आभार मानले, विजयकुमार सांगायचे. त्यांना वाटलं, ती मुलाला घेऊन शहराबाहेर पडली. सुटली. ते दोन दिवस बिशप शांत झोपले. आणि दहाव्या दिवशी भिंतीमागे पुन्हा खोकल्याचा आवाज आला तेव्हा, इतके दिवस मार खाऊन न रडलेले बिशप रडले. इथे हॉलमध्ये नेहमी कुणाची तरी खुर्ची करकरायची.

"काकी, ही तर सगळ्यात चांगली ओळ आहे," सुशांत म्हणाला. "आणि एक ठेवून एक काढायला आपल्याकडे काय आधार आहे? ठेवायचं तर—"

"ती आली होती."

शर्वरीने नळ बंद केला.

"कोणत्या पुस्तकात?" सुशांतने विचारलं. सवयीने विचारलं.

"पहारेकरी बदलला होता," सुमन म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. कागदाकडे पाहत होती. "आधीचा म्हातारा होता. डबा उघडून बघायचा, थोडं खायचा, पण द्यायचा आत. नवा आला तो पोरगेलासा, घाबरलेला. तो बायकांना फाटकापाशीसुद्धा येऊ देईना. बंदूक अशी हलवायचा. मग रस्त्यापलीकडे उभं राहायचं. तिथून खोकायचं. दोनदा कुठलं, गळा बसेपर्यंत. पण समोरून ट्रक जायचे, एकामागून एक, सैन्याचे. आत काय ऐकू जाणार?" तिने डावा हात कमरेपाशी नेला, जसा काही तिथे अजून भार होता. "आणि ऊन. सप्टेंबरातलं ऊन. पोराच्या डोक्यावर ओढणी ओली करून टाकली तर तीही दहा मिनिटांत वाळायची."

सेबास्तचे बिशप फेब्रुवारीत मारले गेले, बर्फ पडणाऱ्या मुलखात. सुशांतने ते आजच दोनदा वाचलं होतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत पुस्तकाला टेकली.

मग सुमनने सांगितलं ते फार नव्हतं. नव्वद साल. इराकी सैन्य येऊन महिना झाला होता. गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे, म्हणून विजयकुमारांना घरातून उचललं आणि अहमदीतल्याच एका शाळेच्या तळघरात ठेवलं. तिथे दिवा नव्हता. बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला, असे भारतीय लोक रोज निघत होते. शेजारच्या दोघी येऊन म्हणाल्या, पोराला घेऊन चल, ते मागून येतील. ती गेली नाही. घरात चर्चमधल्या आशीर्वादाच्या दोन मेणबत्त्या होत्या. त्या तिने पहिल्याच दिवशी खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, गुंडाळीत घालून दिल्या. चौदाव्या दिवशी सकाळी काही न बोलता त्यांना सोडून दिलं.

"जयदीप तीन वर्षांचा होता. त्याला काही आठवत नाही. आम्ही कधी सांगितलंही नाही. हे म्हणायचे, लोकांची माणसं गेली, आपण आपले तेरा दिवस काय मिरवायचे? मग पुढच्या फेब्रुवारीनंतर सगळं निवळलं, आपली माणसं परत आली, सण सुरू झाला, आणि ह्यांनी एक दिवस हॉलमध्ये उभं राहून संताचं चरित्र सांगायला घेतलं. त्या बाईपाशी आले आणि थांबेचनात." ती किंचित हसली. "मी दुसऱ्या रांगेत. मला वाटलं, आता कुणीतरी उठून विचारेल. कुणीच नाही. सगळ्यांना वाटलं, तसंच असेल पुस्तकात."

"आणि ते दोन दिवस?" शर्वरीने विचारलं. ती आता टेबलाशी येऊन उभी होती. "काकांना तुम्ही सांगितलं नाहीत, की मी आले होते?"

"सुटून आले त्या रात्री जेवायला बसले. डाळभात केला होता. चार घास खाल्ले आणि म्हणाले, सुमन, तू दोन दिवस आली नाहीस ना, मला वाटलं तू पोराला घेऊन बसमध्ये बसलीस. ते दोन दिवस मी झोपलो. त्याआधी डोळ्याला डोळा नव्हता." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "तेरा दिवसांत माणसाला दोन दिवस झोप लागली. आता ती काय म्हणून काढून घ्यायची? म्हटलं, पुढे कधीतरी सांगू. मग दरवर्षी ते हॉलमध्ये सांगत राहिले, ती आली नाही, ती आली नाही. मी ऐकत राहिले."

खाली हॉर्न वाजला. दोनदा, थांबून एकदा.

"पण आता ते छापणार," सुमन म्हणाली. "छापलं की ते तसंच राहतं. म्हणून म्हटलं."

सुशांतने पेन्सिल उचलली. ओळ खोडली आणि वर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं : तेरा दिवस ती बाई रोज आली. कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचला, दोनदा वाचला, मान हलवली. मग शर्वरीला म्हणाली, "रबर बदल हं. नाहीतर वाफ धरत नाही," आणि उठली.

ती गेल्यावर सुशांतने बाकीच्या अठरा लाल रेघा खोडरबराने पुसल्या. शर्वरी ते पाहत होती.

शुक्रवारी अहमदीत वारा होता. चर्चच्या आवारातल्या झाडांवर धूळ बसली होती, आणि रांग दारापासून पार गाड्यांपर्यंत गेली होती. फादर एकेका गळ्याला मेणबत्त्यांची जोडी लावत होते, इंग्रजीत तेच एक वाक्य पुटपुटत. सुशांत रांगेत सुमनच्या मागे तीन माणसं सोडून होता. तिची पाळी आली तेव्हा तिने हनुवटी जरा जास्तच वर केली, डॉक्टरला घसा दाखवावा तशी.

हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मागे कुणीतरी वडे तळत होतं, आणि ज्यांची घरं आता वसईत उरली नव्हती, वाड्या जाऊन जिथे सात मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, असे दोघे-तिघे दरवर्षीप्रमाणे कुणाच्या विहिरीचं पाणी गोड होतं यावर वाद घालत होते. सुशांतने काय करायचं ते ठरवलं होतं. आधी, या संताबद्दल नक्की असं फार थोडं माहीत आहे, हे सांगायचं. मग पुस्तकातलं चरित्र. मग म्हणायचं, आता विजयकुमार तुस्कानो सांगायचे ते. दोन्ही वेगळं, दोन्ही आपापल्या नावावर. हे त्याच्या नियमात बसत होतं.

तो चहाच्या पिंपापाशी कागद लावत उभा असताना सुमन आली. साडीवर स्वेटर, हातात रिकामा कप.

"ते दोन दिवस राहू दे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते सांगायचे तसं वाच. आली नाही, असंच."

"काकी, तुम्हीच म्हणालात, छापलं की तसंच राहतं. आणि खरं तर—"

"खरं मला माहीत आहे ना. तुलाही माहीत झालं." तिने पिंपाची तोटी फिरवली. चहा कपात पडत होता, ती त्याच्याकडे पाहत होती. "ते दोन दिवस झोपले होते, तेही खरंच आहे की. रात्रभर पडून विचार केला. तेरा दिवस ती रोज आली, असं लिहिलं तर ते झोपले कधी? त्यांना आता जागं कुठे करत बसू?"

ती कप घेऊन गेली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

सुशांतने खिशातून पेन काढलं. कागद भिंतीला टेकवून त्याने आपलीच दुरुस्ती खोडली आणि खाली मूळ ओळ पुन्हा लिहिली. चुकीचं आहे हे ठाऊक असून त्याने असं काही हाताने लिहिण्याची ही पहिलीच वेळ होती. अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्याला विजयकुमारांसारखं सांगता येत नव्हतं, त्याने वाचलं. सुरुवातीला पोरं चुळबुळत होती. गुहा आली, आजारी जनावरं आली, काटा आला. मग तो म्हणाला, "इथून पुढे विजयकाका सांगायचे तसं," आणि हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांनी पाठी टेकल्या.

"ती बाई कडेवर मूल घेऊन यायची. तिला आत सोडत नसत. ती मागच्या भिंतीशी जायची आणि दोनदा खोकायची. आतून बिशप दोनदा खोकायचे. एवढंच बोलणं. तेरा दिवस बिशप कोठडीत होते. आठव्या आणि नवव्या दिवशी ती बाई आली नाही."

तो तिच्याकडे पाहणार नव्हता, तरी त्याने पाहिलं. सुमन नीट बसली होती, हात मांडीवर, चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा. दरवर्षी ती अशीच बसत असणार. पाहिलं मात्र कुणी नव्हतं. मागे दाराला टेकून जयदीप उभा होता. हातात फोन होता, पण त्याचं लक्ष फोनमध्ये नव्हतं.

"बिशपांनी देवाचे आभार मानले. त्यांना वाटलं, ती सुटली. ते दोन दिवस बिशप शांत झोपले."

वाचून झालं. मग खुर्च्या सरकल्या, वडे आले, आणि सुमनभोवती बायकांची गर्दी झाली. रविवारी किती वाजता, कोण न्यायला येणार, तिकडे गेल्यावर फोन कर. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. एकीला स्वेटर देऊन टाकला. वसईत त्याची काय गरज, म्हणाली.

निघताना सुशांत आवारापर्यंत पोचवायला गेला. जयदीपने आईसाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"थँक्स, सुशांतदादा," तो म्हणाला. "एक्झॅक्टली डॅड सांगायचे तसं वाचलंत. मला वाटलं होतं तुम्ही करेक्ट कराल."

"ठरवलं होतं," सुशांत म्हणाला.

सुमन आत बसली. पदर दारात अडकू नये म्हणून तिने तो मांडीवर गोळा केला. जयदीप वाकून तिचा पट्टा लावत होता. लावता लावता, सहज काहीतरी आठवावं तसं त्याने विचारलं,

"मम्मी, पण ते टू डेज ती गेली कुठे? आय ऑलवेज वॉन्टेड टू आस्क डॅड. राहूनच गेलं."

"कुठे जाणार?" सुमन म्हणाली. "इथंच होती. रस्त्यापलीकडे. तू झोपला होतास तिच्या खांद्यावर."

जयदीप हसला. पट्ट्याचं टोक खटक्यात बसलं, आणि तो तसाच वाकलेला राहिला, आईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. मग सावकाश सरळ झाला, दार लावलं, गाडीला वळसा घालून आपल्या जागेवर जाऊन बसला.

सुशांत हॉलच्या पायरीवर थांबला होता. आवारातल्या गाड्या एकेक करून फाटकातून बाहेर पडल्या. ती एक गाडी मात्र बराच वेळ हलली नाही.